साडेपाच टीबीची एकच डिस्क आणि दोन टीबीची मर्यादा: एक्ससीपी-एनजीवर हलवताना काय करावं?

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री १०:५२)

नमस्कार मंडळी,

सांगलीत एका छोट्या संस्थेत सर्व्हरचं काम बघतो. मोडी कागद, जुनी दप्तरं, वतनाच्या नोंदी यांचे स्कॅन आमच्याकडे आहेत. एकेक पान ६०० डीपीआयला, टिफमध्ये. स्कॅन झाल्यावर कागद ज्याचे त्याला परत जातात. त्यातल्या काही घरांमध्ये नंतर पुराचं पाणी शिरलं, म्हणजे काही कागदांची आमची प्रत हीच आता एकमेव प्रत आहे. त्यामुळे या डेटाशी प्रयोग करायला माझा हात धजत नाही, म्हणून आधी विचारतोय.

तीन होस्ट (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारे सर्व्हर) आहेत, त्यांवर व्हीएमवेअरचा हायपरव्हायजर ईएसएक्सआय ७. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली, पाठोपाठ कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद झाली, आणि वर्गणीचा आकडा आमच्या अंदाजपत्रकात बसेना. झेनवर आधारलेल्या एक्ससीपी-एनजी ८.३ या मुक्त हायपरव्हायजरवर जायचं ठरलं. चौदा व्हीएम झेन ऑर्केस्ट्रातून (एक्ससीपी-एनजी सांभाळायचं साधन) सुरळीत हलल्या. पंधरावी हा फाइल सर्व्हर, आणि तिथे गाडी अडली. त्याची डेटाची व्हीएमडीके (व्हीएमवेअरची डिस्क-फाइल) ५६३२ जीबीची आहे आणि एक्ससीपी-एनजीवर २ टीबीपेक्षा मोठी डिस्क तयारच होत नाही.

आतली रचना: अल्मालिनक्स ९. सिस्टीमची डिस्क ६० जीबी. डेटाच्या डिस्कवर एलव्हीएम (लिनक्समध्ये डिस्क जोडून त्यांवर व्हॉल्यूम करणारी व्यवस्था), त्यात एकच पीव्ही (खालची डिस्क), एकच एलव्ही (वरचा व्हॉल्यूम), वर एक्सएफएस फाइल सिस्टीम. वापर साधारण ४.९ टीबी. एक्सएफएस लहान करता येत नाही, त्यामुळे 'आधी आकसून घे' हा मार्ग बंद. व्हीएमवेअरच्या डेटास्टोअरवर (व्हीएमच्या डिस्क राहतात ती जागा) ४६०० जीबी मोकळी आहे. एक जुना एनएएस (नेटवर्कवरचं साठवणयंत्र) आहे, त्यावर ४ टीबी रिकामी आहे.

मला दोन वाटा दिसतात. नवी व्हीएम करून आरसिंक करायचा (फाइल्सची नक्कल), किंवा स्टोरेजवरून आयस्कझीने (नेटवर्कवरून डिस्क देण्याची पद्धत) थेट व्हीएमच्या आत मोठा लन, म्हणजे स्टोरेजचा एक तुकडा, द्यायचा. तिसरी काही असेल तर सांगा. संस्था फक्त रविवारी बंद असते.

---

निळाशार (सोमवार, रात्री ११:२०)

प्रॉक्समॉक्स (दुसरा मुक्त हायपरव्हायजर) का नाही? एलव्हीएम किंवा झेडएफएसवर व्हीएमला कच्चा व्हॉल्यूम मिळतो, २ टीबीचा प्रश्नच येत नाही. आमच्याकडे ९ टीबीची एक डिस्क दीड वर्ष विनातक्रार चालू आहे.

---

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री ११:३१)

विचार केला होता. पण चौदा व्हीएम हलल्यात, बॅकअप लागलाय, हाताखालच्या मुलाला झेन ऑर्केस्ट्रा शिकवून झालंय. एका डिस्कसाठी सगळं परत उलटं करायला नको वाटतं.

---

जुनाजाणता (मंगळवार, सकाळी ७:१५)

हा २ टीबीचा आकडा पाहिला आणि पंधरा वर्षं मागे गेलो. नव्या मंडळींना वाटेल की ही झेनचीच खोड आहे. तसं नाही. व्हीएमवेअरवरही आम्ही याच आकड्याशी वर्षानुवर्षं झगडलो.

व्हीएमएफएस-३ च्या (व्हीएमवेअरची डेटास्टोअरची फाइल सिस्टीम) काळात डेटास्टोअर करताना ब्लॉकचा आकार निवडावा लागे. १ एमबी ब्लॉक घेतला तर सगळ्यात मोठी फाइल २५६ जीबी. २ एमबीला ५१२ जीबी, ४ एमबीला १ टीबी, आणि ८ एमबीला २ टीबी वजा ५१२ बाइट. विझार्डमध्ये पहिला पर्याय १ एमबी, आणि घाईत सगळे तोच ठेवून पुढे जात. मग वर्षभराने कोणी ३०० जीबीची डिस्क मागितली की डेटास्टोअर पूर्ण रिकामं करून नव्याने फॉरमॅट करायचं, कारण ब्लॉक नंतर बदलता येत नसे. मी हे एका कारखान्यात शनिवार-रविवार बसून केलंय. अकरा व्हीएम एकेक करून दुसऱ्या लनवर, मग परत.

लनही २ टीबीचेच. जास्त हवं तर असे ३२ पर्यंत लन एक्स्टेंट (तुकडे) म्हणून जोडून ६४ टीबीचं डेटास्टोअर व्हायचं. पण त्यातला पहिला एक्स्टेंट गेला की सगळं डेटास्टोअर आडवं.

२०११ मध्ये व्हीस्फिअर ५ बरोबर व्हीएमएफएस-५ आलं. ब्लॉक सगळीकडे १ एमबी, एकाच लनवर ६४ टीबी. आम्ही खूश झालो. पण व्हीएमडीकेची मर्यादा होती तिथेच, २ टीबी वजा ५१२ बाइट. मोठी डिस्क हवी तर फिजिकल आरडीएम (अख्खा लन थेट व्हीएमला) द्यायचा. त्यावर व्हीएमवेअरचा स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) होत नाही, म्हणजे नेहमीचा इमेज बॅकअपही नाही.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत होती, ती आम्हाला रात्री दोन वाजता कळली. ईएसएक्सआय ५.० आणि ५.१ मध्ये व्हीएमएफएसची हीप (तिच्यासाठी राखलेली मेमरी) मुळात ८० एमबीची असे, आणि तेवढ्यात एका होस्टवर एकूण साधारण ८ टीबीच्याच व्हीएमडीके उघड्या राहू शकत. रोज सगळं ठीक चालायचं, कारण व्हीएम तीन होस्टवर वाटलेल्या होत्या. त्या रात्री एक होस्ट पडला, एचएने (पडलेल्या होस्टच्या व्हीएम आपोआप उठवणारी सोय) त्याच्या व्हीएम दुसऱ्यावर चढवायला घेतल्या आणि शेवटच्या दोन उठेनात. मेमरी मिळत नाही म्हणून एरर, आणि होस्टची रॅम तर निम्मी रिकामी. आम्ही दोन तास रॅमच तपासत बसलो. उपाय होता हीपची सेटिंग वाढवून होस्ट रीबूट करण्याचा.

५.५ मध्ये, म्हणजे २०१३ साली, व्हीएमडीके ६२ टीबीपर्यंत गेली आणि हा विषय लोकांच्या डोक्यातून गेला. तुमची ५.५ टीबीची डिस्क त्यानंतरच्या निर्धास्त काळातली आहे. त्याआधी आम्ही सगळे एकच करायचो: खालून छोट्या डिस्क द्यायच्या आणि व्हीएमच्या आत त्या जोडायच्या. तुम्हालाही तेच सांगेन.

---

अटकेपार (मंगळवार, दुपारी १:०५)

जुनाजाणता, फार उपयोगी प्रतिसाद. आकडा दोनच टीबीचा का, तेवढं जोडतो.

डिस्कचा पत्ता ३२ बिटांत लिहिला तर २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर मोजता येतात. सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार बरोबर २ टीबी. जुनं एमबीआर पार्टिशन टेबल याच कारणाने तिथे थांबतं.

एक्ससीपी-एनजी डिस्क ठेवतं व्हीएचडी स्वरूपात. हे मूळचं कनेक्टिक्सचं, २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांचं व्हर्च्युअल पीसी घेतलं तेव्हा तिकडे गेलं. व्हीएचडीच्या आत कोणता ब्लॉक फाइलमध्ये कुठे आहे याचा एक तक्ता असतो, आणि त्यातली प्रत्येक नोंद ३२ बिटांचा सेक्टर क्रमांक. म्हणजे तक्ता, शीर्षनोंदी, डेटा, सगळं मिळून फाइल २ टीबीत बसायला हवी. म्हणून डिस्कची मर्यादा २०४० जीबी धरतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये व्हीएचडीएक्स आणून ती ६४ टीबीवर नेली, झेनच्या बाजूने मात्र व्हीएचडीच राहिलं.

एक्ससीपी-एनजी ८.३ साठी क्यूकाऊ२ हे डिस्कचं दुसरं स्वरूप चाचणी आवृत्ती म्हणून आलं, त्यात ही मर्यादा नाही. फावल्या होस्टवर जरूर बघा. एकमेव प्रत असलेल्या स्कॅनसाठी मी ती वापरणार नाही.

आयस्कझी थेट व्हीएमच्या आत देण्याबद्दल: चालतं, वेगही बरा मिळतो. पण तो लन हायपरव्हायजरला दिसत नाही. स्नॅपशॉटमध्ये नाही, झेन ऑर्केस्ट्राच्या बॅकअपमध्ये नाही. त्याचा बॅकअप वेगळा उभा करावा लागेल, आणि तुम्ही सुट्टीवर असताना तो कोणाच्या लक्षात राहणार नाही.

---

सुपारीबाग (मंगळवार, दुपारी ३:४०)

छोट्या डिस्क आत जोडायच्या असतील तर एक पोटतिडकीने सांगते.

मडगावच्या एका ऑफिसात विंडोज २००८ आर२ वर तीन डिस्क जोडून एक स्पॅन्ड व्हॉल्यूम केला होता. कुणीतरी स्नॅपशॉट लहान राहावा म्हणून तिसरी डिस्क 'इंडिपेंडंट' करून ठेवली, म्हणजे ती स्नॅपशॉटमधून वगळली गेली. काही महिन्यांनी अपडेट बिघडलं म्हणून स्नॅपशॉटवर परत गेले. दोन डिस्क काल रात्रीच्या, तिसरी आजची. एनटीएफएसला मेळ लागेना. चेकडिस्कने फोल्डरच्या फोल्डर उचलून नावाविना क्रमांकांच्या फाइल्समध्ये टाकले. टेपवरून चार दिवस रिस्टोअर चाललं. त्यातल्या एक ताई रोज येऊन माझ्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या, त्यांच्या तीन वर्षांच्या हिशेबाच्या फाइल्स त्यात होत्या. त्या मिळाल्या, पण ते चार दिवस मी विसरलेली नाही.

झेन ऑर्केस्ट्रात डिस्कच्या नावाआधी चौकटी कंसात 'नोबॅक' लिहिलं की ती बॅकअपमधून सुटते. जोडलेल्या संचातल्या एकाही डिस्कला ते कधीही लावू नका. जोडल्या की त्या एकच.

---

मध्यरात्रपाळी (मंगळवार, रात्री ११:५८)

कृष्णाकाठ, तुमच्या पोस्टमधला सगळ्यात महत्त्वाचा शब्द तुम्ही सहज लिहून गेलात: एलव्हीएम. डेटा थेट पार्टिशनवर असता तर आरसिंकच करावा लागला असता. एलव्हीएम आहे म्हणून डिस्कचे तुकडे हलवण्याआधी, व्हीएमवेअरवरच, सर्व्हर चालू ठेवून करता येतात.

एक्सएफएस लहान करायची गरजच नाही. फाइल सिस्टीम एलव्हीवर बसली आहे, आणि एलव्ही खाली एका डिस्कवर आहे की तीन डिस्कवर, हे तिला कळतही नाही. क्रम असा:

आधी पूर्ण बॅकअप घ्या आणि तो उघडून बघा. मग व्हीएमवर एकही स्नॅपशॉट शिल्लक नाही ना ते तपासा. काम संपेपर्यंत नवाही घेऊ नका: नव्या डिस्क जोडल्यावर स्नॅपशॉट घेतला गेला तर पुढचं सगळं नवं लिखाण त्याच्या डेल्टा (बदल साठवणाऱ्या) फाइल्समध्ये जाईल आणि डेटास्टोअर तुडुंब भरेल.

चालू व्हीएमला १९०० जीबीच्या तीन डिस्क जोडा. बेरीज ५७००, तुमच्या ५६३२ ला पुरते, आणि प्रत्येक डिस्क २०४० च्या बरीच खाली राहते. मर्यादेला अगदी चिकटून डिस्क करू नका. दोन डिस्क आहे त्या डेटास्टोअरवर, तिसरी जागेअभावी एनएएसवर. तो ईएसएक्सआयला एनएफएस (नेटवर्कवरून फाइल्स देण्याची पद्धत) डेटास्टोअर म्हणून जोडा. एका व्हीएमच्या डिस्क वेगवेगळ्या डेटास्टोअरवर असल्या तरी चालतं. थिन (लिहिलं तेवढीच जागा घेणारी डिस्क) केलं तरी जागा पूर्ण लागेल हे धरून चला, कारण पीव्हीमूव्ह (एलव्हीएमची डेटा हलवणारी आज्ञा) फाइल्स बघत नाही. एलव्हीचा प्रत्येक एक्स्टेंट (ठरावीक आकाराचा तुकडा) उचलतं, त्यात काही असो वा नसो.

मग तिन्हींवर पीव्हीक्रिएट, व्हीजीएक्स्टेंड (व्हीजी म्हणजे पीव्हींचा गट, त्यात त्या घेणं), आणि पीव्हीमूव्हने जुन्या डिस्कवरून या तिघांवर. एकदम सगळं नको. एक्स्टेंट ४ एमबीचा असेल तर १,२८,००० एक्स्टेंट म्हणजे ५०० जीबी, तेवढ्या तेवढ्या पट्ट्यात हलवा. दिवसा लोकांना संथ वाटलं तर दोन पट्ट्यांच्या मध्ये थांबता येतं. मध्येच वीज गेली तरी घाबरू नका. कुठपर्यंत आलो याची नोंद एलव्हीएम ठेवतं, परत नुसतं पीव्हीमूव्ह म्हटलं की तिथून पुढे चालू होतं.

संपलं की व्हीजीरिड्यूस करून जुनी डिस्क काढून घ्या. आता तुमच्याकडे तोच सर्व्हर आहे, तोच आयपी, त्याच परवानग्या, फक्त खाली तीन छोट्या डिस्क. असा सर्व्हर झेन ऑर्केस्ट्रा विनातक्रार घेईल.

स्ट्रायपिंगच्या (डेटा पट्ट्यापट्ट्यांनी सगळ्या डिस्कवर एकदम वाटण्याच्या) मोहात पडू नका. एक्ससीपी-एनजीवर प्रत्येक डिस्कला स्वतंत्र टॅपडिस्क प्रक्रिया मिळते, त्यामुळे स्ट्राइपने वेग वाढतो हे खरं. पण तीन पट्ट्यांचा स्ट्राइप केला की पुढे वाढवतानाही डिस्क तीन-तीनच्या संचात जोडाव्या लागतात. तुमचं काम लिहायचं एकदा, वाचायचं कधीमधी. सरळ रांगेत ठेवा. जागा संपली की चौथी डिस्क जोडायची, बास.

---

पाणवठा (बुधवार, सकाळी ९:१०)

वाचतोय. आमच्याकडेही पुढच्या महिन्यात हेच आहे.

---

कृष्णाकाठ (बुधवार, सकाळी ९:४५)

मध्यरात्रपाळी, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी हलवताना तुकडे कसे करायचे याच विचारात अडकलो होतो. दोन शंका. एक, पलीकडे गेल्यावर डिस्कची नावं बदलतील, एलव्हीएम गोंधळणार नाही ना? दोन, नव्या स्टोरेजवर चौदा व्हीएमसाठी आयस्कझीचा एसआर (एक्ससीपी-एनजीचं डेटास्टोअर) केलाय, ९ टीबी अजून कोणालाच दिलेली नाही. तीही आयस्कझीवरच देऊ का?

---

मध्यरात्रपाळी (गुरुवार, रात्री १२:२०)

दुसरं आधी, कारण तिथे पैसे अडकलेत. आयस्कझीवरचा एसआर आतून एलव्हीएमचा असतो आणि त्यावर डिस्क थिक (पूर्ण जागा आधीच धरणारी) असते. स्नॅपशॉट घेतला की डिस्कच्या पूर्ण आकाराएवढी जागा आणखी धरली जाते. तुमच्या ५७०० जीबीला स्नॅपशॉटसाठी आणखी ५७००, आणि झेन ऑर्केस्ट्राचा प्रत्येक बॅकअप स्नॅपशॉट घेऊनच होतो. ९ टीबीत ते मावणार नाही. ती ९ टीबी एनएफएस म्हणून द्या. तिथे व्हीएचडी थिन असते, स्नॅपशॉट बदलाएवढीच जागा खातो.

आता नावं. एलव्हीएम डिस्क ओळखतं ती तिच्यावर लिहिलेल्या यूयूआयडीवरून (एकमेव ओळख क्रमांक), त्यामुळे एसडीबीचं एक्सव्हीडीबी झालं तरी हरकत नसते. पण अल्मालिनक्स ९ मध्ये एक नवी पायरी आहे. ईटीसीच्या आत एलव्हीएमच्या फोल्डरमध्ये डिव्हायसेस नावाचं फोल्डर असतं. त्यातल्या फाइलमध्ये 'या या डिस्क माझ्या' अशी यादी असते, हार्डवेअरच्या ओळख क्रमांकासकट. हायपरव्हायजर बदलला की तो क्रमांक बदलतो आणि एलव्हीएम स्वतःच्या डिस्क ओळखायला नकार देऊ शकतं. हलवण्याआधी ती फाइल बाजूला काढून ठेवा. यादी नसली की एलव्हीएम सगळ्या डिस्क बघतं. पलीकडे नीट उठल्यावर व्हीजीइम्पोर्टडिव्हायसेसने नवी यादी करा.

फाइल काढल्यावर मग ड्रॅकट या साधनाने इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लागणारी छोटी प्रणाली) पुन्हा बांधा, त्यात झेनचे ब्लॉक आणि नेटवर्क ड्रायव्हर घालून. क्रम उलटा केलात तर जुनी यादी आतच राहील. व्हीएमवेअरवर फर्मवेअर यूईएफआय असेल तर पलीकडेही यूईएफआयच ठेवा. नेटवर्क कार्डाचं नाव बदलणार, तेव्हा कन्सोल उघडा ठेवून आयपी हाताने लावायची तयारी ठेवा.

---

निळाशार (गुरुवार, सकाळी ८:०५)

प्रॉक्समॉक्सवाल्यांसाठीही थोडं. खालची मर्यादा गेली तरी आतल्या फाइल सिस्टीमची राहतेच. एनटीएफएस नेहमीच्या ४ केबी क्लस्टरवर केली असेल तर १६ टीबीला थांबते. ६४ केबी क्लस्टरला २५६ टीबी. क्लस्टर फॉरमॅट करतानाच ठरतो. ही गोष्ट मी १५ टीबीवर आल्यावर शिकलो आणि सगळा डेटा बाहेर काढून परत भरावा लागला. विंडोजवाल्यांनी मोठी डिस्क करताना तेवढी एक ओळ बघाच.

---

कृष्णाकाठ (पुढचा सोमवार, रात्री ९:३०)

झालं. सविस्तर लिहितो, पाणवठा यांनाही कामी येईल.

गुरुवारी संध्याकाळी बॅकअप तपासला, तीन दप्तरं निवडून रिस्टोअर करून पानं उघडून पाहिली. सगळ्या टिफच्या चेकसमची (फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा) यादी करून एनएएसवर ठेवली. स्नॅपशॉट तपासले तर एप्रिलमधला एक जुना पडून होता! मध्यरात्रपाळी, तुम्ही सांगितलं नसतं तर मी बघितलंही नसतं. तो काढायलाच सव्वा तास गेला.

पीव्हीमूव्ह बारा पट्ट्यांत केलं. एकूण साधारण २२ तास, म्हणजे सेकंदाला सरासरी ७३ एमबी. शुक्रवारी दिवसा लोक कामावर होते म्हणून दुपारी तीन तास थांबवलं. कोणाला काही कळलं नाही. शेवटच्या पट्ट्या, ज्या एनएएसवर जात होत्या, त्या स्पष्टपणे संथ होत्या. शनिवारी दुपारी पीव्हीएस या आज्ञेच्या यादीत जुन्या डिस्कसमोर वापर शून्य दिसला.

व्हीजीरिड्यूस, डिस्क काढली, डिव्हायसेसची फाइल बाजूला, मग ड्रॅकट. शनिवारी रात्री व्हीएम बंद करून झेन ऑर्केस्ट्रातून आयात लावली. एक गिगाबिटच्या जाळ्यावर रविवारी दुपारी संपली. पहिल्या बूटला नेटवर्क आलं नाही, कार्डाचं नाव बदललं होतं, पाच मिनिटांत लागलं. तिन्ही डिस्क एक्सव्हीडीच्या नावांनी दिसल्या, व्हीजी आपोआप उभा राहिला, एक्सएफएस माउंट झाली.

चेकसमची पडताळणी रविवारी संध्याकाळी लावली ती आज सकाळी सहाला संपली. मी रात्रभर जागाच होतो. एकही फाइल चुकली नाही. आमच्याकडच्या सगळ्यात ज्येष्ठ मोडी वाचक काकांनी दहा वाजता येऊन नेहमीसारखं त्यांचं दप्तर उघडलं आणि वाचायला बसले. रविवारी काय झालं ते त्यांना माहीत नाही.

पहिला बॅकअप आत्ता चालू आहे, तिन्ही डिस्क त्यात दिसतायत. सुपारीबाग ताई, तिघांची नावं एकाच धाटणीची ठेवलीत, आणि वर्णनात 'तिन्ही मिळून एक, सुटी करू नये' असं लिहिलंय.

एक विचारायचं राहिलं. व्हीएमवेअरवरून काढलेली ती जुनी ५६३२ जीबीची व्हीएमडीके परतीचा मार्ग म्हणून ठेवू का?

---

मध्यरात्रपाळी (सोमवार, रात्री ११:४५)

वाचून फार बरं वाटलं.

ती जुनी व्हीएमडीके परतीसाठी उपयोगाची नाही. तिच्यातून एलव्ही निघून गेलाय, आता ती एलव्हीएमच्या लेखी रिकामी आहे. खुशाल पुसा. परतीचा मार्ग म्हणजे व्हीएमवेअरवर बंद करून ठेवलेली व्हीएम आणि तिच्या तीन १९०० जीबीच्या डिस्क. त्यातली एक एनएएसवर आहे हे विसरू नका. तो एनएएस मोकळा दिसला म्हणून कोणी फॉरमॅट करायला नको. त्यावर कागद चिकटवा, दोन पूर्ण बॅकअप होऊन एक रिस्टोअर करून बघेपर्यंत.